कळकलेलं ताक

झुंबरबाई जीभ मिरजेलाच विसरून आल्या, असं मंगळवार पेठेतली त्यांची गल्ली म्हणायची.

तशी जीभ होती जागेवर. बोलायला पहिल्याइतकीच चालत होती, उलट आवाज बसल्यामुळे शब्द जरा जास्तच खरखरीत लागायचे. गेली होती ती चव. डाव्या गालात वर्षानुवर्षं मिश्री धरून ठेवायची सवय, त्याच गालात गाठ निघाली. मिरजेच्या दवाखान्यात नेऊन शेक दिले. शेक म्हणजे मशिनीचे, विस्तवाचे नव्हेत. पण गाल आतून भाजून निघाला तो निघालाच. गाठ विरघळली. मोठ्या डॉक्टरांनी पाठीवर थाप मारून घरी पाठवलं, आणि दिवाळीत घरी येऊन बाईंनी पहिली करंजी तोंडात घातली तर ती करंजी आहे की पुठ्ठा, हे कळेना.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर गल्लीनं हळहळून सोडून दिलं असतं. पण ही जीभ एकट्या झुंबरबाईंची नव्हती. उन्हाळ्यात कांडपावरून चटणी कुटून आणली की बायका डबा कडेवर घेऊन आधी त्यांच्या दारात यायच्या. तळहातावर चिमूटभर चटणी घ्यायची, डोळे मिटायचे, आणि मग निकाल. खोबरं खवट घातलंस. धने करपवलेस. मिरच्या गेल्या सालातल्या खपवल्यास, दुकानदारानं तुला फसवलं का तू मला फसवालीस? शेजारच्या तानाबाईसारखी तोंडाळ बाईसुद्धा त्या वेळी शाळेतल्या पोरीसारखी उभी राहायची.

आणि विमलाला ही परीक्षा रोज दोन वेळा. विमला त्यांची सून, माहेर नेसरीचं, सातवी पास, वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय न टाकणारी. लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिच्या प्रत्येक आमटीला सासूबाईंनी काही ना काही नाव ठेवलं होतं. त्यामुळे चव गेल्यावर पहिले पंधरा दिवस तिला, खोटं कशाला बोला, बरं वाटलं. फोडणी करपली तरी घरात शांतता. मग ती शांतताच अंगावर यायला लागली. आपण पाटी भरून गणितं सोडवावीत आणि तपासायला कुणीच नसावं, तसं झालं. ताटात वाढलेलं तसंच परत यायचं. सासूबाई दोन घास पाण्याबरोबर गिळायच्या आणि भिंतीकडे तोंड करून बसायच्या. चैत्र लागेपर्यंत विमलानं त्यांच्या चोळ्या दोनदा आत घेतल्या होत्या.

"गाठीतनं वाचवली आनि उपाशी मारनार," असं गणपतराव, म्हणजे सासरे, एकदा परड्यात उभे राहून आंब्याच्या झाडाला म्हणाले. ते विमलानं ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी दोघांनाही रिक्षात घालून राजारामपुरीत पद्मजा डॉक्टरांकडं नेलं.

या डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण टेबलावर इंग्रजी मासिकांची चळत. त्यांनी झुंबरबाईंचं तोंड बॅटरी लावून बघितलं, गळा दाबून बघितला, वजन घेतलं, आणि तोंड जरा गंभीर करून म्हणाल्या, "शेकानं चव जाते ती बरेचदा आपोआप येते. पण इतके महिने झाले, खाणं नाही. मला वाटतं मावशींच्या अंगात जस्त कमी पडलंय."

गणपतरावांना एका कानानं कमी ऐकू यायचं. त्यांनी घाबरून विचारलं, "जास्त कमी पडलंय?"

"जास्त नाही हो काका. जस्त."

"मग थोडंच कमी हाय म्हना की," असं म्हणून ते सुस्कारा सोडून मागं टेकले.

डॉक्टरीणबाई हसल्या, आणि हसू आवरल्यावर त्यांनी जे सांगितलं त्यानं विमलाचे कान टवकारले. जस्त म्हणजे आपल्या न्हाणीतल्या बादलीला जो मुलामा असतो ना, तोच धातू. माणसाच्या अंगात तो असतो, अगदी चिमटीत मावेल एवढा, पण त्याच्यावाचून जखम भरत नाही, कातडी धरत नाही आणि जिभेला चव कळत नाही. परदेशात उंदरांवर काम चाललंय. ज्या उंदरांना जस्त कमी पडलं त्यांच्या अन्ननलिकेला हा गाठीचा रोग लवकर धरतो, असं दिसलंय. माणसाचं अजून ठरायचं आहे, शास्त्रज्ञांची भांडणं चालू आहेत. आणि गंमत अशी की वाढायला लागलेल्या गाठीलाही तेच जस्त लागतं. म्हणून ते कमी पडलं तरी घोटाळा, जास्त झालं तरी घोटाळा.

"म्हंजे जस्त जास्त न्हाय पायजे," गणपतरावांनी विषय आपल्याला समजल्याचं जाहीर केलं.

गोळ्या कोल्हापुरात मिळेनात, म्हणून मुंबईहून मागवायचं ठरलं. तोवर मटण, तीळ, हरभरे, शेंगदाणे असं खाऊ घाला, असं डॉक्टरांनी बजावलं. खात्री देत नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. पण विमलाच्या कानात ते शिरलंच नाही. रिक्षात ती बाहेर बघत होती आणि तिला सगळं गाव नवं दिसत होतं. पत्र्याच्या दुकानावर टांगलेल्या बादल्या दिसल्या तेव्हा तर तिला उठून उभं राहावंसं वाटलं. न्हाणीतली बादली आणि सासूबाईंची जीभ यांचं एकच गोत्र निघावं, आणि ते आजवर तिला कुणी सांगू नये! इतके महिने देवाची इच्छा, भोग, नशीब असले शब्द ऐकून ती विटली होती. हा शब्द तसा नव्हता. हा शब्द बाजारात मिळत होता.

मटणाचा रस्सा केला, झुंबरबाईंनी वास घेऊन वाटी सरकवली. तिळाची पोळी केली, ती कोरड्या तोंडात फिरत राहिली आणि शेवटी पदरात गेली. हरभरे तर दातांनाच झेपेनात. गोळ्यांचा पत्ता नाही. त्यांच्या गळ्याखाली बिनतक्रार उतरायचं ते एकच, ताक. तेही थंड लागतं म्हणून.

आणि मग विमलाला सुचलं. सुचलं ते इतकं सोपं होतं, की तिला स्वतःचंच हसू आलं.

पाडव्याला घेतलेली जस्ताची बादली अजून वापरात काढली नव्हती. अंगावर चांदीच्या चट्ट्यांची नक्षी, आत तोंड बघावं अशी चकचकीत. तिनं ती चिंच लावून घासली, संध्याकाळी आंबट ताक तिच्यात ओतलं आणि वर ताट झाकून माजघरात फळीखाली ठेवली. आंबट पदार्थ पितळेत ठेवला की धातू उतरून कळकतो, हे तिला आईनं शिकवलं होतं; कल्हई गेलेल्या भांड्यातली आमटी खाऊन अख्खं वऱ्हाड आजारी पडल्याची गोष्ट नेसरीत अजून सांगतात. पण तो पितळेचा दुर्गुण. ही बादली जस्ताची, आणि जस्तच तर पाहिजे होतं. मुंबईला कशाला जायचं?

सकाळी तिनं ते ताक स्टीलच्या पातेल्यात काढलं, बादली धुऊन पालथी घातली. लसूण, हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर भरपूर ठेचून लावली. बोट बुडवून चाटून बघितलं. जरा वेगळंच लागलं, घशाशी ओढल्यासारखं. औषध म्हटल्यावर तोंड थोडं वाकडं व्हायचंच, अशी तिनं स्वतःची समजूत घातली आणि पेला भरून सासूबाईंच्या हातात दिला.

झुंबरबाईंनी घोट घेतला. आणि थुंकला. अंगणात, तुळशीच्या पलीकडं, असा लांब थुंकला की कोंबडी उडाली.

"ताक कळकलंय," त्या म्हणाल्या.

विमला पातेलं घेऊन जवळ सरकली. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. झुंबरबाई पेल्यात बघत होत्या, मग त्यांनी जीभ टाळूला लावून सोडवली, पुन्हा लावली, आणि कपाळाला आठी घालून दुसऱ्यांदा म्हणाल्या, हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं, "कळकलंय की गं हे."

विमलाला नाचावंसं वाटलं. दिवाळीपासून या बाईनं कशालाही काही म्हटलं नव्हतं, चांगलं नाही की वाईट नाही. आणि आज पहिलं नाव ठेवलं ते इतकं बिनचूक, की ठेवणाऱ्या तोंडाचे मुके घ्यावेत. तोंडापर्यंत आलेलं ती बोलणार, तोच गणपतराव उठून आले.

त्यांना वाटलं, बायकोचं डोकं फिरलं. स्टीलच्या पातेल्यातलं ताक कधी कळकतंय काय? सून बिचारी पहाटेपासून राबते, तिच्या हातच्याला नाव ठेवतेस, तेही तोंडाला चव नसताना, असं त्यांनी सुनावलं आणि पातेलं विमलाच्या हातातून घेतलं.

"मामा, ते नका पिऊ. आत्तींसाठी काढलंय."

हे फार वाईट सुचलं. गणपतरावांनी तिच्याकडं बघितलं. "आत्तीला येगळं आनि मला येगळं? ह्या घरात?" आणि सुनेची बाजू घेण्यासाठी, सुनेच्याच विरुद्ध, त्यांनी पातेल्याला तोंड लावून ते घटाघटा रिकामं केलं. मिशा पुसल्या. झकास हाय, असं बायकोकडं बघून ठणकावलं.

अर्ध्या तासात ते मोरीत ओणवे झाले होते.

पोटात मुरडा, उलटी, पुन्हा उलटी. विमलाचा नवरा वसंत उद्यमनगरात कामावर गेलेला. तानाबाईनं गल्लीच्या तोंडाला उभं राहून रिक्षा अडवली आणि हाकेच्या अंतरावरच्या सगळ्यांना कळेल अशा आवाजात विचारलं, काय खाल्लं हो गणपतरावांनी? रिक्षात एका बाजूला सासरे डबा धरून, एका बाजूला सासूबाई, मधे विमला. सासूबाई मात्र आजाऱ्याकडं बघतच नव्हत्या. त्या जीभ ओठावरून फिरवत होत्या, गालात फिरवत होत्या, जणू हरवलेली अंगठी घरातच कुठंतरी आहे असं कुणीतरी सांगितलंय.

पद्मजा डॉक्टरांनी गणपतरावांना आतल्या कॉटवर घेतलं, सुई टोचली, साखरमिठाचं पाणी घोट घोट पाजायला नर्सला बसवलं. नाडी बरी आहे, घाबरू नका, म्हणाल्या. मग बाहेर येऊन काय खाल्लं ते विचारलं. ताक प्यालं हे सगळ्यांनीच सांगितलं. झुंबरबाई खुर्चीत पुढं सरकल्या.

"कळकलंतं ते. मी कवाधरनं सांगालोय, माझं कोन ऐकालंय? घोटासंगं कळलं मला. लगीच."

डॉक्टरांची पेन धरलेली बोटं थांबली. कुठल्या भांड्यात होतं, असं त्यांनी विचारलं. आतल्या कॉटवरून गणपतरावांनी कण्हत उत्तर दिलं की स्टीलच्या, आणि मी डोळ्यानं बघितलंय.

स्टीलमध्ये ताक कळकत नाही, हे डॉक्टरांनाही माहीत होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं, खुर्ची झुंबरबाईंच्या जवळ ओढली आणि फार मऊ आवाजात समजावलं, की मावशी, शेक घेतलेल्या माणसांना असं होतं. चव नसते, पण तोंडात उगाचच धातूची चव येते. साध्या पाण्यालाही पैशासारखा वास येतो. ती खरी चव नव्हे, भास असतो. काकांना ताक शिळं बाधलं असेल, ऊन फार आहे. तुम्ही उगाच आशा धरू नका, नंतर जिवाला लागतं.

झुंबरबाईंनी मान हलवली. खुर्चीत मागं टेकल्या. सकाळपासून तोंडात फिरणारी जीभ थांबली.

"मला वाटलं आली," त्या म्हणाल्या.

एवढंच. आणि त्यांनी समोरच्या भिंतीकडं तोंड केलं, घरी करायच्या तसंच.

विमला उभी होती. साऱ्या दवाखान्यात एकट्या तिलाच ठाऊक होतं की तो भास नव्हता. गप्प राहिलं तर काहीच होणार नव्हतं: सासरे संध्याकाळपर्यंत उठतील, ऊन बाधलं म्हणतील, बादलीत उद्यापासून पाणी भरू. फक्त ही बाई भिंतीकडं तोंड करून राहील आणि ताटातले दोन घासही सोडून देईल. आणि बोललं तर? सुनेनं सासूला बादलीतलं काहीतरी पाजलं आणि सासरा उलट्या करतोय. तानाबाईला एवढं पुरेसं होतं. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकाला जाईपर्यंत त्या बादलीत काय काय कालवलं जाईल, ते विमलाला आत्ताच ऐकू येत होतं. वसंत काय म्हणेल? नेसरीला कळलं तर आई काय म्हणेल? नवल म्हणजे तिला नुसती भीती वाटत नव्हती. दिवाळीच्या ओवाळणीचं पाकीट मुठीत असावं आणि ते द्यायला चोरी कबूल करावी लागावी, तसं तिचं झालं होतं.

"बाई," ती डॉक्टरांना म्हणाली, "ताक खरंच कळकलंतं. रातभर जस्ताच्या बादलीत हुतं. मी ठेवलतं."

आतलं कण्हणं थांबलं.

मग तिनं सगळं भडाभडा सांगितलं. तुम्हीच म्हणालात बादलीचं जस्त तेच अंगातलं, गोळ्या येईनात, आत्ती काही खाईनात, ताक तेवढं पितात. चिंचेनं घासलेली बादली, पाडव्याची, नवी. सकाळी पातेल्यात काढलं. सांगताना तिला रडू येत होतं आणि तोंडावर हसूही फुटत होतं, आणि दोन्ही आवरेनात.

डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या. ओरडणार म्हणून विमलानं डोळे मिटले. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच. "बादलीचं कुणाला माहीत होतं? मावशींना?"

"कुणालाबी न्हाय. आईशप्पत."

"आणि लसूण-मिरची लावूनसुद्धा त्यांनी ओळखलं?"

"पहिल्या घोटाला."

डॉक्टर वळल्या आणि झुंबरबाईंच्या पुढ्यात उकिडव्याच बसल्या, साडीची पर्वा न करता. कसं लागलं, आधी काय लागलं, जिभेच्या टोकाला की मागं? त्यांचे प्रश्न थांबेनात. आणि झुंबरबाई, ज्या कित्येक महिने हो-नाहीच्या पलीकडं गेल्या नव्हत्या, त्या बोलायला लागल्या. आधी आंबट, दोन दिसाच्या ताकाचं असतंय तसलं. मग कडंनं तुरट, कवळ्या जांभळागत. आणि मग मागनं ते, लहानपणी जत्रंत ढब्बू पैसा तोंडात धरायचो तसं. मिरची कळली न्हाय, नुसती भाजली. मीठ हुतं का न्हाय देव जाने. सांगता सांगता त्यांचा बसलेला आवाज वर चढत गेला, हात हवेत चटणीची चिमूट धरल्यासारखे झाले, बाहेरच्या बाकड्यावरचे पेशंट दारात येऊन ऐकायला लागले.

डॉक्टरांना मग आठवलं की आपलं रागवायचं राहूनच गेलंय. त्या उठल्या आणि त्यांनी विमलाला असं झापलं, की आतल्या नर्सनं बाहेर डोकावून बघितलं. गोळीतलं जस्त मोजून असतं, बादलीतलं बेहिशेबी. ते पेलाभर मावशींच्या पोटात गेलं असतं तर या वजनाच्या बाईला मी कसं वाचवलं असतं? कमी पडलं म्हणून ओतायचं नसतं, कमी-जास्तीचा तोल जाणं हाच तर सगळा रोग आहे. गोळ्या आल्या की एक म्हणजे एक, आणि बादली आंघोळीला. विमला मान खाली घालून सगळं झेलत होती, आणि तिच्या पायाचा अंगठा फरशीवर ताल धरत होता.

"आणि जस्तानं चव आली असं गावात सांगत फिरू नका," डॉक्टर शेवटी म्हणाल्या. "एका रात्रीत तसं होत नाही. तुमच्या ताकाआधीच ती परतीच्या वाटेवर असणार. पण आली आहे, एवढं खरं." त्यांनी चिठ्ठीवर दुसऱ्या दिवसाची वेळ लिहिली. उद्या या, साखर, मीठ, लिंबू, सगळं लावून बघू.

आता कॉटवरून गणपतरावांनी क्षीण आवाजात विचारलं, "मग मला ते का कळलं न्हाय?"

"तुमास्नी लगीन झाल्यापास्नं कळलं न्हाय," झुंबरबाई म्हणाल्या. "कायबी घाला, झकास हाय. म्हनून तर सुनंला मलाच सांगाय लागतंय." मग विमलाकडं वळून, डोळे बारीक करून त्यांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "बादलीत ताक," त्या म्हणाल्या. "नेसरीत ह्येच शिकिवलं व्हय गं तुला?" आणि तिच्या हाताला धरून उठल्या. धरलेला हात त्यांनी नंतर सोडला नाही.

ऊन कलल्यावर गणपतराव चालण्यासारखे झाले. परतीच्या रिक्षानं राजारामपुरीचा पहिला कोपरा ओलांडला आणि झुंबरबाईंनी रिक्षावाल्याच्या पाठीत बोट खुपसलं. कोपऱ्यावर कैरीचा गाडा होता. गणपतरावांनी आंबट नुसतं बघितलं आणि तोंड पलीकडं केलं. विमला म्हणाली, डॉक्टरांनी उद्या बोलावलंय, उद्या बघू. उद्यापर्यंत कुणाला दम होता?

आधी नुसती फोड, काही न लावता. ती झुंबरबाईंनी जिभेवर ठेवली, ओठ मिटले. क्षणभर काहीच झालं नाही. मग त्यांचा एक डोळा मिटला, मग दुसरा, गाल आत गेले, खांदे कानाला लागले, आणि सगळा चेहरा पिळून काढलेल्या फडक्यासारखा झाला. कोरड्या तोंडाला पाणी लागलं म्हणून विमलानं तांब्या पुढं केला, तो त्यांनी हातानं बाजूला सारला. ती चव धुऊन जाऊ द्यायची नव्हती त्यांना.

मग तिखटमीठ लावलेली फोड घेतली. चोखली. पुन्हा चोखली. मान हलवली.

"आंबट आलंय," त्या म्हणाल्या. "मीठ अजून न्हाय आलेलं." आणि उरलेली अर्धी फोड विमलाच्या तोंडासमोर धरली. "तू खा आनि सांग. मीठ बरोबर हाय काय?"

विमलानं आजवर या बाईच्या हातावर चव ठेवली होती, निकाल दिला नव्हता. तिनं फोड तोंडात घेतली. डोळे मिटले. गाडेवाला, रिक्षावाला, तोंड फिरवलेले सासरे, सगळे थांबले होते.

"कमी हाय, आत्ती."

झुंबरबाईंनी गाडेवाल्याकडं वळून दुसरी फोड त्याच्यापुढं केली.

"ऐकलास न्हवं? कमी हाय म्हनती. घाल की मग."